मनातले मांडे आणि यॉर्कशायरचं पुडिंग

दिवास्वप्नाला कोणत्या भाषेत काय म्हणतात, यावरून त्या त्या माणसांची भूक कळते. संस्कृत पंडित मनोराज्य करतो. इंग्रज हवेत किल्ले बांधतो. म्हणजे एकाला सत्ता हवी आणि दुसऱ्याला स्थावर मालमत्ता. मराठी माणूस एवढी यातायात करीत नाही. तो मनातल्या मनात मांडे खातो. राज्य नको, किल्ला नको. गरम मांडा पानात पडावा आणि वर तुपाची धार असावी, एवढ्यावर त्याचं स्वप्न संपतं. बरं, पदार्थही असा निवडलाय की प्रत्यक्षात करायला महाकठीण. पुरणाचा गोळा हातावर झुलवीत झुलवीत रुमालाएवढा करायचा, उपड्या खापरावर टाकायचा आणि फाटू न देता उतरवायचा. ज्यांना जमतं त्यांना जमतं. उरलेल्यांची सोय भाषेनेच मनात करून ठेवली आहे.

पण प्रश्न असा की, मनातला मांडा पानात आणावा की आणू नये?

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. तर्कशास्त्र शिकवीत असत. त्यांचं मत ठाम आहे. "जे मनात पूर्ण आहे ते ताटात आलं की अपूर्ण होणारच. मग ते आणायचं कशाला? मनात असताना खर्च नाही, अपचन नाही." आमच्या घरातलं मत याच्या बरोबर उलट. सौभाग्यवती म्हणतात, "जे पानात वाढता येत नाही त्याला आमच्यात अन्न म्हणत नाहीत." या दोन दर्शनांच्या मधल्या भिंतीला टेकून मी गेली काही वर्षं उभा आहे. कारण माझे मांडे इंग्रजी आहेत.

याचं मूळ आमच्या पेठेतल्या वाचनालयातल्या एका कपाटात आहे. १९७०च्या सुमारास तिथं मुलांची इंग्रजी पुस्तकं दहा पैसे भाड्याने मिळत. एनिड ब्लायटन बाईंची चार मुलं आणि एक कुत्रा सुट्टीत बेटावर जायची, चोर पकडायची आणि दर चार पानांनी टोपली उघडून जेवायला बसायची. चोरांचं पुढं काय झालं ते मला आज आठवत नाही. टोपलीत काय होतं ते मात्र मला झोपेतून उठवून विचारा. हॅमची सँडविचेस, उकडलेली अंडी, मनुकांचा केक, स्कोन, ट्रीकल टार्ट आणि जिंजर बीअर. यातला एकही पदार्थ मी पाहिलेला नव्हता. त्यामुळं फार सोय झाली. माझ्या मनातला स्कोन अनारसा आणि खारी यांच्या मधला काहीतरी होता. ट्रीकल टार्ट म्हणजे जिलबीच्या पाकात रात्रभर ठेवलेली शंकरपाळी, अशी माझी खात्री होती. स्कोन म्हणजे काय हे कळण्याआधी वीस वर्षं मी तो खात होतो, आणि एकदाही तो बिघडला नाही.

पुढं वय वाढलं, तशी पुस्तकं वाढली आणि त्याबरोबर पक्वान्नंही. डिकन्सने ख्रिसमसचं पुडिंग वाढलं, वुडहाऊसच्या उमरावांच्या घरी चहा झाला. चाळीतल्या दोन खोल्यांत, दूधवाल्याची घंटा ऐकत, मी शेकोटीपाशी बसून मफिन भाजत असे. अशा माणसाला आपल्याकडे शेखमहंमदी म्हणतात.

आता तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना मी एक गोष्ट ऐकवली, ती तुम्हीही ऐका. ब्लायटनबाईंच्या त्या पाचजणांचं पहिलं पुस्तक आलं १९४२ साली. तेव्हा इंग्लंडात युद्ध चालू होतं आणि रेशनिंगही. ते जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं आणि पुरतं संपलं जुलै १९५४ मध्ये. साखर, लोणी, डुकराचं मांस, सगळं कूपनावर. अंडं माणशी आठवड्याला एक, तेही दुकानात आलं तर. गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठायला १९५३ साल उजाडावं लागलं. म्हणजे पुण्यातला मी जी टोपली बघून लाळ गाळत होतो, ती लिहिली गेली तेव्हा खुद्द इंग्लंडातल्या मुलांनाही दिसत नव्हती. माझ्याइतकीच तीही मनात खात होती. मला वाटत होतं मी दुसऱ्याच्या खिडकीतून त्याचं जेवण बघतो आहे. प्रत्यक्षात आत बसलेलाही माझ्यासारखाच रिकामं ताट पुढं घेऊन बसला होता.

आणि ऐका. या पुस्तकांचं नाव काढलं की इंग्रज माणूस हसून 'जिंजर बीअरची रेलचेल' या अर्थाचं एक वाक्य हटकून म्हणतो. ते वाक्य त्या पुस्तकांत नाहीच. ते आलं १९८२ साली टेलिव्हिजनवर झालेल्या एका विडंबनातून. लोकांना ते इतकं पटलं की त्यांनी ते मूळ पुस्तकांत वाचल्याचं त्यांना आठवू लागलं! स्वप्न पाहणाऱ्यांनी स्वप्नाला घातलेली ही भर म्हणायची.

यावर प्राध्यापक म्हणाले, "मग हे खोटंच झालं की. भुकेल्या पोरांपुढं हॅमची वर्णनं करणं ही फसवणूक नव्हे काय?"

मला तसं वाटत नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा सांगणारा म्हणतो, हे तुला आत्ता मिळतं आहे. बाई एवढंच सांगत होत्या की हे जगात असतं. आपल्या आज्या दुष्काळातही पोरांना निजवताना राजाच्या पंगतीची गोष्ट सांगतच होत्या. पोटात काही नसताना जिभेला तरी काय काय असतं याची आठवण राहू द्यावी, यात पाप कसलं? उलट ज्याला दुसरी चव कल्पनेतही येत नाही, तो समोर आलेल्या बेचव कालवणालाच जगाचा नियम समजतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण स्वप्नाची एक खोड असते. फार दिवस मनात राहिलं की ते दार ठोठावू लागतं. राजवाडा बांधा म्हणून स्वप्न दार ठोठावू लागलं तर ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. पण ट्रीकल टार्ट दार ठोठावत असेल तर काय सांगणार? मैदा घरात आहे, लोणी घरात आहे, ओव्हन भाच्याने दिवाळीला दिलेला आहे. सामान्य माणसाला परवडणारं एकमेव दिवास्वप्न म्हणजे खायचं. उमराव होता येत नाही. उमरावाच्या चहाला असतं ते करून पाहता येतं.

तेव्हा ट्रीकल टार्ट केलं. मैद्याच्या पारीत घालायचं सारण म्हणजे पाकासारखं सिरप, पावाचा चुरा आणि लिंबू. सिरप महाग म्हणून मी काकवी वापरली. ओव्हनमधून बाहेर काढलं, थंड केलं, कापलं. आमच्या आत्या वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अरे, हा तर शिळ्या पोळीचा लाडू. याला एवढं शिजवलंस कशाला?"

आत्याचं हे वाक्य मी हसण्यावारी नेलं नाही, कारण ते अक्षरशः खरं होतं. उरलेल्या पावाचा चुरा गोडात घालून सत्कारणी लावायचा, यापलीकडे त्या टार्टचा काही मानस नाही. मग मी इंग्रजांची सगळी स्वयंपाकाची यादी नव्या नजरेने वाचली. ब्रेड अँड बटर पुडिंग म्हणजे शिळ्या पावाचे तुकडे दूध-अंड्यात भिजवून भाजलेले. 'बबल अँड स्क्वीक' हे नाव ऐकून मला वाटायचं काहीतरी जादूचा प्रयोग असणार. तर तो रविवारच्या उरलेल्या बटाट्या-कोबीचा सोमवारी तव्यावर परतलेला लगदा. तव्यावर तो चुरचुरतो म्हणून ते नाव. आपली फोडणीची पोळी दुसरं काय करते? शेफर्ड्स पाय म्हणजे उरलेल्या मटणाच्या खिम्यावर बटाट्याचं पांघरूण.

आणि यॉर्कशायर पुडिंग! नाव काय, रुबाब काय! हॅना ग्लास नावाच्या बाईंनी १७४७ सालच्या आपल्या पाकपुस्तकात ते छापलं. मैदा, अंडी, दूध, मीठ यांचं सरसरीत पीठ. विस्तवावर मांस भाजत असताना त्यातून गळणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून खाली ठेवलेल्या भांड्यात ते पीठ ओतायचं. आणि जेवणात ते आधी वाढायचं, रस्सा घालून; का, तर पोटं त्यानेच भरावीत आणि महागाचं मांस सगळ्यांना पुरावं. आपल्याकडे पाहुणे जास्त झाले की भाताचा पहिला ढीग मोठा वाढतात ना, तेच हे तत्त्व. बिचारे इंग्रज! तेही 'आमटीत पाणी वाढवा' म्हणणारेच निघाले.

तेही मी केलं. चरबीच्या जागी तेल. तेलाला धूर सुटेपर्यंत साचा तापवायचा, पीठ ओतायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. इंग्लंडच्या रसायनशास्त्राच्या रॉयल सोसायटीने २००८ साली असं जाहीर केलं की चार इंचांपेक्षा बुटकं असेल ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. तेव्हा मी धाकट्याची फुटपट्टी घेऊन बसलो. भरलं सव्वाचार इंच! सोनेरी, फुगलेलं, मध्ये खळगा, एखाद्या मुकुटासारखं. ते टेबलापर्यंत नेईस्तोवर सुस्कारा टाकून खाली बसलं. त्याचा तो धर्मच आहे. आत्या म्हणाल्या, "धिरडं छान झालंय. चटणी आहे का?"

प्राध्यापक विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहा! मुकुट गेला, धिरडं उरलं. मी सांगत नव्हतो?"

पण मला ते तसं दिसत नाही. ज्याचं स्वप्न मी पन्नास वर्षं पाहिलं ते दुसऱ्या कुणाची काटकसर होती, हे कळल्यावर स्वप्न लहान झालं नाही. काटकसर मोठी झाली. यॉर्कशायरमधली कुणी गृहिणी अडीचशे वर्षांपूर्वी थेंब थेंब चरबी वाचवत होती, आणि तिच्या त्या वाचवण्याचा सुगंध पुस्तकात शिरून आमच्या पेठेपर्यंत आला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या पोळीचा सुगंध कुठं कुठं जात असेल, कुणास ठाऊक.

तसा तो गेलाही होता. खिचडी इंग्रज साहेबाने घरी नेली, तिच्यात खारवून धुरावलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घातली, 'केजरी' म्हणून न्याहारीच्या टेबलावर मांडली. पेन्शनीत गेलेला साहेब धुक्यात बसून ती केजरी खाई आणि मनात हत्तीवरून फिरून येई. शेख दीन महंमद नावाच्या आपल्याकडच्या गृहस्थांनी १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफीहाऊस काढलं ते अशाच परतलेल्या साहेबांसाठी. त्यात हुक्क्याचीसुद्धा सोय होती. दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. गंमत पाहा, साहेबांची शेखमहंमदी स्वप्नं पुरी करायला गेलेल्या माणसाचं नावही शेख महंमदच!

आणि आमच्या कोपऱ्यावरचा गोटी सोडा? गोटीने तोंड बंद होणारी ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाच्या १८७२ सालच्या पेटंटाची. म्हणजे मी घरात बसून इंग्रजी जिंजर बीअरची स्वप्नं पाहत होतो, तेव्हा खाली कोपऱ्यावर इंग्लंड गोटी दाबून फसकन उघडत होतं. पण ते जवळ होतं, म्हणून कुणी त्याचं स्वप्न पाहिलं नाही.

आता खरा नाजूक प्रश्न. तो मला प्राध्यापकांनी विचारला नाही, आमच्या घरातून आला. एका रविवारी मी सहज म्हणालो, "या नाताळात ते डिकन्सचं पुडिंग करू या." त्यावर सौभाग्यवतींनी हातातली वर्तमानपत्राची पुरवणी खाली ठेवली.

"अहो, करू या म्हणजे कोण?"

वाचक हो, या तीन अक्षरांच्या 'करू या'मध्ये नीतिशास्त्राचा एक अख्खा ग्रंथ दडलेला आहे. आपल्या दिवास्वप्नांत आपण नेहमी जेवायला बसलेले असतो. वाढायला उभे कधी नसतो. मी उमरावाच्या दिवाणखान्यात चहा घेत होतो; तळघरातल्या मोरीत त्या चहाच्या बश्या कोण घासत होतं ते माझ्या स्वप्नात कधी आलं नाही. ते दुसऱ्या पुस्तकात आहे. इझाबेला बीटन यांनी १८६१ साली घरकारभाराचं एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलं. बाई पंचविशीतल्या, पाककृती बहुतेक इतरांच्या पुस्तकांतून घेतलेल्या. पण नोकरमाणसांची कामं त्यांनी तपशिलाने लिहिली आहेत. घरात एकटीच असलेल्या मोलकरणीबद्दल लिहिताना त्या शिस्तप्रिय बाईंनाही दया आली. तिचं काम कधी संपत नाही, असं त्या लिहून गेल्या. म्हणजे भल्या पहाटे उठून शेकोटीची राख काढणारी ती पोर होती, म्हणून मी शेकोटीपाशी मफिन भाजू शकत होतो. आणि चहातली साखर? ती एके काळी कॅरिबियन बेटांवर गुलामांनी उसाच्या मळ्यांत घाम आणि रक्त ओतून केलेली. त्या चहाच्या टेबलावर किती जणांच्या पाठी वाकलेल्या होत्या, याचा हिशेब कुठल्याच टोपलीत ठेवलेला नसतो.

आपल्या परंपरेला हे फार आधी कळलं होतं. मुक्ताईला मांडे करावेसे वाटले. विसोबाने कुंभारांना ताकीद दिली, खापर देऊ नका. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. लहानपणी मला यात चमत्कार दिसायचा. आता त्यात साधा व्यवहार दिसतो. मनातला मांडा पानात यायचा तर कुणाची तरी पाठ तापावीच लागते. प्रश्न एवढाच, कुणाची? ज्ञानदेवांनी बहिणीच्या हौसेसाठी स्वतःची पुढं केली. आपण बहुतेक वेळा बायकोची पुढं करतो आणि वर मांडा जरा कडक झाला म्हणतो.

तेव्हा आमच्या घरात एक करार झाला. स्वप्न ज्याचं, भांडी त्याची. तोंडी करार आहे. पण कुठल्याही कागदापेक्षा पक्का.

त्या नाताळात पुडिंग मी केलं. त्याची रीत मोठी लोभस आहे. नाताळच्या चारएक आठवडे आधीच्या एका रविवारी, ज्याला ते 'ढवळण्याचा रविवार' म्हणतात, घरातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने येऊन ते मिश्रण ढवळायचं आणि ढवळताना मनात एक इच्छा धरायची. ती कुणाला सांगायची नाही. मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, साखर, मसाले आणि घरातल्या सगळ्यांच्या न सांगितलेल्या इच्छा, असं सगळं एकाच भांड्यात तासन् तास वाफेवर शिजतं. आत्यांनी ढवळलं, धाकट्याने ढवळलं, सौभाग्यवतींनी तर दोन्ही हातांनी ढवळलं. प्राध्यापकही आले. "माझा यावर विश्वास नाही," म्हणाले आणि डोळे मिटून बराच वेळ ढवळत राहिले. त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कुणी काही विचारलं नाही.

१८४३ सालच्या डिकन्सच्या गोष्टीत क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरी पुडिंग येतं. मोठं कुटुंब, छोटं पुडिंग. सगळे त्याची स्तुती करतात. एवढ्या माणसांना ते अपुरं आहे असं कुणाच्या तोंडून निघत नाही, मनातही येऊ देत नाहीत. आजवर मी हे पान पुडिंगसाठी वाचत असे. आता मला त्यात पुडिंग दिसत नाही, ती न बोलणारी माणसं दिसतात. स्वप्न ताटात आलं की लहान होतं, हे प्राध्यापकांचं तर्कशास्त्र चूक नाही. पण लहान झालेलं स्वप्न सगळ्यांनी मिळून पुरवून घ्यायचं असतं, हे तर्कशास्त्रात शिकवत नाहीत. मनातला मांडा कितीही मोठा असला तरी त्यातला तुकडा दुसऱ्याला देता येत नाही. पानातला येतो. माझ्या मते स्वप्न खरं करण्याचं एवढं एकच कारण पुरेसं आहे, आणि ते खरं करताना पाठ आपली तापली तर दुसरं कारण शोधावंही लागत नाही.

आमचं पुडिंग काळंकुट्ट, जड आणि चवीला आत्यांच्या शब्दांत "देवळातल्या पंचखाद्यावर कुणीतरी बसल्यासारखं" झालं. नऊ माणसांनी ते वाटून खाल्लं. प्राध्यापकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि म्हणाले, "तत्त्वतः माझा विरोध कायम आहे."

रात्री मी भांडी घासायला बसलो. ज्या वाडग्यात पुडिंग वाफवलं होतं तो घासून घासून निघेना. तेवढ्यात प्राध्यापक आत आले, धोतर सावरून शेजारच्या पाटावर बसले, आणि एक शब्द न बोलता विसळायला लागले.